काट्यावरचे चणे

जिन्यावरचा पावलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि तिच्या हातातली पळी तशीच हवेत राहिली.

वर येणारा तिचा मुलगा होता, दुकानातून आपल्या घरी जाता जाता आईकडे डोकावणारा. त्याची पावलं तिला झोपेतही ओळखू आली असती. जड, ठाम आणि एका दमात तिसऱ्या मजल्यापर्यंत येणारी. दाराशी पोचायच्या आधीच तो अर्ध्या जिन्यातून "आई, उघड गं!" असा पुकारा करायचा, आणि शेजारची म्हातारी दर वेळी म्हणायची, "आला तुमचा भोंगा." आज भोंगा वाजला नाही. ती दाराशी गेली. कडीवर हात ठेवला, पण कडी काढायचं धाडस होईना. बऱ्याच वेळाने कठडा करकरला. कोणीतरी त्याच्यावर भार टाकून चढत होतं.

"काय रे, थांबलास मध्येच?"

"कुठे थांबलो? फोन आला होता," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. बसला कसला, पडलाच. कपाळावर घाम होता. फोन आला असता तर बोलणं ऐकू आलं असतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्याचे वडीलही त्याच वळणावर थांबायचे. शेवटचा महिनाभर. विचारलं की सांगायचे, "चपलेत खडा गेला होता." रोज एक खडा. तिनेही रोज विश्वास ठेवला. मग एका सकाळी दुकानात, गिऱ्हाइकाशी हसत बोलता बोलता ते मटण कापायच्या ओंडक्यावर ओणवे झाले ते उठलेच नाहीत. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या म्हणे. तेव्हापासून कोणीही जिन्यात थांबलं की ती हातातलं काम टाकून दाराशी जायची. आणि आता थांबला होता तो पोटचा पोरगा.

मुलगा मटणवाला होता. बापाचं दुकान होतं, तेच त्याने पुढे चालवलं. बाजारात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे काटाच म्हणत. त्याला कारण होतं. गिऱ्हाइकाने एक किलो म्हटलं की तो सत्तूर उचलायचा, एकदाच खाली आणायचा, आणि तुकडा तराजूवर टाकल्यावर काटा बरोबर किलोवर. नवखी माणसं पैजा लावायची आणि चहाचे पैसे हरायची. हा हात त्याला बापाकडून मिळाला होता. डोकं मात्र आईचं असावं अशी आईची फार इच्छा होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. माहेरच्यांनी कपाळावर हात मारला होता, झाडापानांचं शिकून पोरगी मटणवाल्याच्या घरात पडली म्हणून. नवरा मात्र सगळ्यांना ऐटीत सांगायचा, "ही पाला ओळखते, मी पाला खाणाऱ्याला ओळखतो. जोडी जमली की नाही?"

त्या घरात मांस म्हणजे जेवण. सकाळी दुकान उघडायच्या आधी कलेजी, दुपारी उरलेसुरले तुकडे परतून, रात्री पुन्हा रस्सा. "दुसऱ्यांना विकायचं आणि आपण कोबी खायचा? लोक म्हणतील माल खराब असेल," असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. मुलगाही तसाच वाढला. खांद्यावर अख्खा बकरा टाकून हुकापर्यंत शीळ घालत जायचा.

बाप गेल्यावर तिने त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, आणि कागद पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढणारा डॉक्टर तिला आवडत नाही.

"तुमची चाल वडिलांच्याच वाटेने आहे," डॉक्टर म्हणाले. "लाल मांस आठवड्यातून एकदा, तेही थोडं. कलेजी, चरबी बंद. पण अंगमेहनतीचं काम आहे तुमचं, प्रोटीन कमी पडू देऊ नका. पासष्ट ग्रॅम तरी रोज पोटात गेलं पाहिजे. डाळी, कडधान्यं यांतून घ्या."

बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी घंटी वाजवली, पुढचा रुग्ण आत आला. बस्स, एवढंच बोलणं.

त्याने ऐकलं नसतं. पण घरी आल्यावर ती रडली. बापाचा फोटो पुढ्यात ठेवून रडली, आणि तो वैतागून म्हणाला, "बरं बाई, नाही खात. आता तरी डोळे पूस." काट्याचा शब्द म्हणजे काट्याचा शब्द. दुसऱ्या दिवसापासून त्याने मांस सोडलं. आठवड्यातून एकदाची सवलतही त्याने घेतली नाही. "एकदा म्हटलं की हात सैल सुटतो," म्हणाला.

समोरच्या शिंप्याला मग विषयच मिळाला. "अहो, ऐकलंत का? बाजारात वाघ उपास करतोय!" गिऱ्हाइकं हसायची. काटाही हसायचा. पोट उतरलं, गळ्याखालचं मांस गेलं. सगळे म्हणायला लागले, दहा वर्षांनी लहान दिसतोस. तीही मनातल्या मनात हरखली. चला, पोरगा वाचला.

पण पोट उतरून झाल्यावरही उतरणं थांबेना. आधी पोट गेलं, मग खांदे गेले. दंडाला घट्ट बसणाऱ्या बाह्या लोंबायला लागल्या. तो चिडका झाला, पूर्वी कधी नव्हता. साधा ओरखडा उठला तर आठवडेच्या आठवडे भरून यायचा नाही. शिंपी एकदा तिला रस्त्यात भेटला तेव्हा हसला नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "वहिनी, रागावू नका, पण काल त्याने बकरा हुकाला लावताना दोनदा खाली ठेवला. मीच गेलो हात लावायला. मला म्हणतो कसा, तुझ्या हातात सुईच शोभते. पण हात थरथरत होता हो त्याचा."

त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. इकडे आड, तिकडे विहीर. मांस खाल्लं तर बापाची वाट, आणि नाही खाल्लं तर पोरगा डोळ्यांदेखत विरघळतोय. शेवटी तिने भीत भीत तोंड उघडलं.

"अरे, आठवड्यातून एकदा तरी थोडं खा की. डॉक्टरांनी तेवढं चालेल म्हटलं होतं ना?"

तो उसळलाच. "आधी खाऊ नको म्हणून रडलीस, आता खा म्हणून रडतेस? मी काय तुझ्या हातातलं खेळणं आहे? चावी दिली की चालायचं, काढली की थांबायचं?"

"तसं नाही रे..."

"ऐक आई. ताटात काय आहे याबद्दल पुन्हा एक शब्द काढलास, तर मी जिना चढणार नाही. शपथ घेऊन सांगतो."

त्याचा शब्द म्हणजे शब्द, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ताटाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आणि मग सुरा निसटला.

रोजच्यासारखंच काम होतं, हाडावरून मांस सोडवायचं. हे काम तो डोळे मिटून करायचा. पण मूठ ऐन वेळी ढिली पडली, सुरा हाडावरून घसरला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली खोल शिरला. शिंपी कापडाचा तागा घेऊन धावला. त्याही गडबडीत म्हणाला म्हणे, "टाके घालायचे होते तर मला बोलवायचं ना!" टाके दवाखान्यात पडले. टाके घालणाऱ्याने सांगितलं की थोडं पलीकडे गेलं असतं तर अंगठा कायमचा लुळा पडला असता.

मग सुनेचा फोन आला.

"आई, तुम्ही याल का थोडे दिवस दुपारचं? मला कारखान्यातून रजा मिळत नाहीये, आणि यांना एका हाताने काही करता येत नाही. वर कोणाला काही करूही देत नाहीत." सून शर्ट शिवण्याच्या कारखान्यात होती. उजाडायच्या आत घराबाहेर पडायची, ती दिवेलागणीला परतायची. दुपारचं जेवण काटा स्वतःच करायचा, पथ्य सुरू झालं तेव्हापासून.

ती गेली. मुलाचं स्वयंपाकघर स्वच्छ, नीटनेटकं, दुकानासारखंच. ओट्यावर भात होता, उकडलेला कोबी होता, झाकण ठेवलेलं एक पातेलं होतं. आणि मधोमध दुकानातला छोटा काटा. खिमा मोजायचा, बारीक वजनाचा.

"हा इथे कशाला आणलास?"

"पथ्याला," तो अभिमानाने म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "बस, दाखवतो. तुला वाटतं ना, मी मनाला येईल तसं खातो? बघ."

त्याने चांगल्या हाताने पातेल्याचं झाकण काढलं. आत उकडलेले चणे होते, फुगून टपोरे झालेले. काट्यावर वाटी ठेवून त्याने आकडा शून्यावर आणला आणि पळीने चणे टाकायला लागला. आकडा वर चढत गेला. शेवटी जरा पुढे सरकला तसा त्याने दोन चणे उचलले, एक परत टाकला.

"पासष्ट," तो म्हणाला. "एका चण्याचाही फरक नाही. रोज. एक दिवस चुकला नाही."

ती वाटीकडे बघत राहिली. मूठभर चणे. पोराटोरांनी येता-जाता तोंडात टाकावेत तेवढे.

"आणि... दुसरं काय खातोस? डाळ? दही? अंडं?"

"अंडं म्हणजे मांसच की. दूध-दही मला सोसत नाही, लहानपणापासून माहीतये तुला. आणि डाळ कशाला वर? डॉक्टरांनी पासष्ट ग्रॅम सांगितलं, ते इथेच झालं. जास्त झालं तर तेही वाईटच असणार ना?" मग तो थबकला. "हे बघ, तू विषय काढलेला नाहीस, मी काढलाय. तेव्हा आजचं माफ. पण यापुढे नाही."

तिला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. पासष्ट ग्रॅम प्रोटीन आणि पासष्ट ग्रॅम चणे. ज्याने जन्मभर वजनाने माल विकला, त्याला वजन ऐकू आलं आणि त्याने वजन केलं. पासष्ट म्हटलं, पासष्ट दिलं. कोणाचाही माल कमी भरला नाही, आणि स्वतःचं पोट महिनोन् महिने कमी भरत राहिला.

आत्ता बोलावं? तो उठून जाईल. आणि समजा ऐकलंच, तर त्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. इतके दिवस जीव तोडून पाळलेलं पथ्य चुकीचं निघालं म्हटल्यावर तो म्हणेल, खड्ड्यात गेलं सगळं, आणा कलेजी. मग पुन्हा बापाची वाट. न बोलावं तर तो उपाशी राहील, बोलावं तर बापासारखा जाईल. तिने त्याला भात वाढला. हात कापत होता म्हणून भात सांडला.

"काय गं, तुझाही हात थरथरतो?" तो म्हणाला आणि हसला. त्या "तुझाही"ने तिच्या काळजाला चरा पडला. म्हणजे त्याला माहीत होतं.

निघताना तो पट्टी बांधलेला हात नाचवत म्हणाला, "उद्यापासून दुकान उघडतोय. मोठी ऑर्डर आहे, खानावळीची. सत्तूर उजव्या हातात असतो, डावा फक्त धरायला."

"टाके अजून निघाले नाहीत रे!"

"धरायलाच तर आहे. तू नको काळजी करू."

घरी येताना तिने वाण्याकडून मसुराच्या डाळीचं पाकीट घेतलं. डाळ हवी होती म्हणून नव्हे, पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायचा होता म्हणून. खिडकीशी उजेडात धरून वाचला. शंभर ग्रॅम डाळीत प्रोटीन साधारण चोवीस ग्रॅम. तेही कोरड्या डाळीत. चण्यात त्याहून थोडं कमी, आणि भिजवून उकडले की दाणा पाणी पिऊन दुपटीहून जड होतो. म्हणजे त्या वाटीतून त्याच्या अंगी लागत होते जेमतेम पाच-सहा ग्रॅम. एका अंड्याइतके. बाकीचं भातातून येईल ते. तिने पदवीचं पुस्तक माळ्यावर टाकून युगं लोटली होती, पण बी म्हणजे काय आणि पाणी प्यायल्यावर ते कसं फुगतं हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. आणि तिचाच पोरगा रोज तिच्या डोळ्यांसमोर वाळत होता.

सांगायचं कसं? "तुझं चुकलं" म्हटलं की संपलं. डॉक्टरांना फोन करावा, त्यांनीच त्याला सांगावं? तिने दवाखान्यात लावलाही. तिथल्या मुलीने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. मोठ्या माणसाच्या तोंडून आलं असतं तर बरं झालं असतं, आपण नामानिराळे राहिलो असतो, असं वाटून तिला क्षणभर हायसं वाटलं होतं. पण पुढच्या आठवड्यापर्यंत सत्तूर किती वेळा खाली येणार होता? आणि डावा हात ओंडक्यावर, फक्त धरायला.

ती खिडकीशी बसून राहिली. खाली रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. घाबरलेल्या माणसाला भलतंसलतं आठवतं, तसं तिला एक जुनं भांडण आठवलं. मुलगा नुकता दुकानात बसायला लागला होता. एका पुरवठादाराने माल आणला होता, लालसर, भरदार, काट्यावर जड. नवऱ्याने तुकडा बोटाने दाबला, आणि पैसे द्यायच्या ऐवजी तो हुकाला टांगून खाली परात ठेवली. सकाळी परातीत पाणी साचलं होतं. सुईने पाणी भरलेलं मांस. नवऱ्याने पोराला बोलावलं, परात दाखवली. "काटा खोटं बोलत नाही. पण तू पाणी मोजलंस तर तो पाण्याचंच वजन सांगणार." पुरवठादाराला त्याने बाजारातून हुसकून लावलं होतं. मुलगा ते भांडण अजून रंगवून सांगायचा, बापाच्या आवाजासकट.

हीच ती वाट. ताटाबद्दल एक शब्दही न काढता सांगता येईल. फुगलेला चणा म्हणजे पाणी भरलेला माल. हे त्याला तिच्यापेक्षा चांगलं कळेल. मांसाचंही तसंच. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रोटीन वीसच्या आसपास, बाकी बहुतेक पाणीच. शिजवताना ते किती आटतं हे तर तो रोज गिऱ्हाइकांना समजावतो. मग त्याचं त्यालाच कळेल की पथ्य चुकलेलं नाही, फक्त माल कमी पडला. दोन्ही वेळा घट्ट डाळ, वाटीऐवजी वाडगाभर चणे, शेंगदाणे, सोयाबीन, आणि त्याला पटलं तर दोन अंडी. आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी म्हटलं तसा, मांसाचा एखादा तुकडा. कलेजीकडे परत जायची गरजच नाही.

आणि तरीही, ती स्वतःला बजावत राहिली, हे सगळं तिचं अनुमान. जिन्यातलं थांबणं भुकेचं असेल, हृदयाचंही असू शकेल. पुढच्या आठवड्याची वेळ मोडायची नाही. त्याला घेऊन जायचंच, आणि या वेळी चष्मा काढला तरी उठायचं नाही, सगळं विचारून घ्यायचं.

पण आधी उद्याचा सत्तूर. हात भुकेने थरथरतो हे त्याचं त्याला कळलं, तर टाके निघेपर्यंत तो सत्तूर उचलणार नाही.

तिने फोन उचलला, परत ठेवला. तो चिडला तर? शपथ खरी केली तर? या घराचा जिना मग मुका पडून राहील, आणि ती दाराशी उभी राहून न येणाऱ्या पावलांकडे कान लावील. तिने डोळ्यांपुढे ते सगळं आणून पाहिलं. मग शिंप्याने सांगितलेला तो हात आणला, हुकापर्यंत न पोचणारा. आला नाही तर न येवो. जिवंत तर राहील, अंगठ्यासकट राहील.

तिने पुन्हा फोन उचलला आणि पहिलं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "काय रे, पाणी भरलेला माल काट्यावर कसा ओळखायचा, सांग ना मला जरा." आवाज कापला. पुन्हा म्हटलं, थोडा कमी कापला. तिसऱ्यांदा म्हणत बसायला वेळ नव्हता. पहाटे दुकान उघडायचं म्हणून तो लवकर झोपतो.

तिने त्याचा नंबर लावला.